कुंडीतली सवत

१७ नोव्हेंबर

गेला एकदाचा जयेश कोबेला! कंपनीने बदली केली, एकट्याची. बायकोमुलीने इथे त्सुकुबात राहायचं, नवऱ्याने तिकडे कंपनीच्या खोलीत. जपानात हे इतकं चालतं की त्याला खास शब्द आहे — तान्शिन-फुनिन. ऐकायला तापावरच्या गोळीसारखा.

टॅक्सी दारात. ओजूच्या डोक्यावर टपली, मला "चल, येतो." आणि मग बूट काढून पुन्हा आत! मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तर साहेब थेट अंगणात, ड्रॅगन फ्रूटपाशी. फांद्या चाचपल्या, खांबाच्या दोऱ्या तपासल्या. "केतकी, दर रविवारी तांब्याभर पाणी घाल. थंडीत बाहेर ठेवू नकोस. मरेल गं ते."

मी मेले तर कळवू का, हे विचारायचं राहून गेलं.

तीन वर्षांचं झाड. निवडुंगाची जात. माझ्यापेक्षा उंच, तिधारी हिरवे हात चहूकडे पसरलेले. आजवर एक फूल नाही. मी त्याला सवत म्हणते. नवरा नेला आणि सवत ठेवली — धन्य ती कंपनी!

२१ नोव्हेंबर

सकाळी अंगणात पांढरं दव. सवतीला घरात घ्यावंच लागलं. कुंडीतली माती ओली होऊन जड झालेली, कुंडी हलेना. ओजूला हाक मारली. "मुरी!" — म्हणजे जमणार नाही. ओजस्वी तेरा वर्षांची आहे आणि तिचा शब्दसंग्रह सध्या तीन जपानी शब्दांचा आहे. मुरी. बेत्सुनी — काही नाही. आणि याबाई, जो शब्द भयंकरालाही चालतो आणि भारीलाही.

शेवटी कुंडीखाली जुनी रजई सरकवली आणि दोघींनी ओढली. उंबऱ्यावर सवत तिरकी झाली, मी पाठ लावली. काटे बारीक असतात, दिसत नाहीत. कुठे टोचले ते इथेही लिहिणार नाही. ओजू चिमटा घेऊन काटे काढत होती आणि हसून हसून लोळत होती. बऱ्याच महिन्यांनी घरात इतका आवाज झाला.

३ डिसेंबर

सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. सवत दिवाणखान्यात, सोफ्याच्या जागी. सोफा दाराला चिकटलेला. ओजू मागून ओरडली, "याबाई!" सासूबाई विरघळल्याच — "आले असते गं बाळा, पण गुडघे कुठे साथ देतात!" 

मग झाडाकडे बघून, "एवढं काय कौतुक? आमच्याकडे जतच्या माळावर उगवतंय ते."

खरंय. माळावरचं झाड आणून बर्फात सांभाळायचं आणि मग त्याला छंद म्हणायचं!

९ डिसेंबर

जयेशचा फोन. "कसं आहे?"
"बरी आहे मी. जरा सर्दी—"
"नाही गं, झाड."

२४ डिसेंबर

नवीन वर्षाला येत नाही म्हणे. काम आहे. मी बरं म्हटलं. ओजूला सांगितलं तर — बेत्सुनी. पण जेवली नाही.

सवतीला रविवारचं पाणी दिलं. तांब्याभर. हुकूम म्हणजे हुकूम.

१२ जानेवारी

उणे सात! त्सुकुबाच्या पर्वतावरून वारा असा सुटलाय की सायकली आडव्या. नळ गोठला. किटलीचं पाणी ओतून सोडवला.

आणि सवत — बुंध्यापाशी पिवळी. बोट लावलं तर आत गेलं! केळं सडल्यासारखं. वास तसाच.

जयेशला फोन केला. "कोरडं पडलं असेल. हीटरने हवा सुकते. थोडं जास्त पाणी घाल."

घातलं.

१६ जानेवारी

पिवळा भाग गुडघ्यापर्यंत चढलाय. झाडाच्या नाही, माझ्या गुडघ्यापर्यंत. मला खरं तर आनंद व्हायला हवा. होत नाहीये. उलट सकाळी उठल्या उठल्या आधी तिलाच बघायला जाते. असं कसं झालं?

१८ जानेवारी

शेतकरी माल थेट विकतात त्या दुकानात मुळे घ्यायला गेले. इथे प्रत्येक मालावर पिकवणाऱ्याचा फोटो असतो — सगळे लग्नाच्या फोटोसारखे ताठ. एका जॅमच्या बाटलीवर मात्र एक म्हातारी खो-खो हसतेय. जॅम कशाचा? ड्रॅगन फ्रूटचा! पिकवलं कुठे? त्सुकुबात!

दुकानदाराच्या मागे लागून तिला फोन लावायला लावला. इशिझुका-सान. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. पलीकडून आवाज आला, "सडतंय? लगेच या!" दुकानदाराने फोन कानापासून लांब धरला होता.

१९ जानेवारी

शहराबाहेर, भाताच्या खाचरांच्या कडेला त्यांचं प्लास्टिकचं हरितगृह. आत पाय टाकला आणि चष्म्यावर वाफ. बाहेर उणे, आत सांगली! ओळीने खांब, आणि प्रत्येक खांबावरून हिरव्या वेण्या खाली सोडलेल्या.

मी फोटो दाखवले. त्यांनी विचारलं, "पाणी किती देता?"
"दर रविवारी."
"थंडीत? दर रविवारी?" त्या खुर्चीत बसल्या. "कोणी सांगितलं?"
"नवऱ्याने."
"नवरा कुठे असतो?"
"कोबेला."
"तिथेच असू द्या."

हे झाड थंडीत झोपतं म्हणे. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं की ते बुडतं. डिसेंबर ते मार्च जवळजवळ कोरडंच ठेवायचं. आता बुंधा गेला. वरच्या चांगल्या फांद्या कापून घ्यायच्या, काप सावलीत सुकू द्यायचे, ऊब आली की नव्या मातीत. "फुलाचं मात्र यंदा विसरा," म्हणाल्या. एका हिवाळ्यात हीटर बंद पडून त्यांची स्वतःची निम्मी झाडं गेली होती. "मग काय केलंत?" तर म्हणाल्या, "रडले. जॅम खाल्ला. पुन्हा लावली."

२० जानेवारी

ऑपरेशन. पावाची सुरी, सॅनिटायझर, जुनी वर्तमानपत्रं. ओजू आपणहून आली. पहिला काप — मधोमध तपकिरी. आणखी वर — तरी तपकिरी. सुरी खाली ठेवली. हे जयेशचं झाड, आणि मी त्याला न विचारता त्याची खांडोळी करतेय!

ओजू म्हणाली, "आई, आणखी वर काप. घाबरू नकोस." मराठीत. अख्खं वाक्य!

चौथा काप हिरवागार निघाला. आम्ही दोघी किंचाळलो. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून पाहिलं, आणि सभ्यपणे बंद केली.

पाच धड फांद्या उरल्या. बाकी सगळी जळाऊ कचऱ्यात.

२२ जानेवारी

"झाड कसं आहे?"
"झोपलंय," म्हटलं. खोटं नाही.

११ फेब्रुवारी

फांद्या जयेशच्या पुस्तकांच्या कपाटात आडव्या निजल्या आहेत. पुस्तकं जमिनीवर. कोणाचं काही अडलेलं नाही.

२० मार्च

लावल्या! पाचही, एकाच मोठ्या कुंडीत, खांबाभोवती.

हा खांब जयेशचा नाही. त्याने झाड काठीला टोकापर्यंत बांधून शिपायासारखं उभं केलं होतं. इशिझुका-सान म्हणतात, याला वर चढू द्यायचं आणि मग वरून सोडून द्यायचं. लोंबायला लागल्याशिवाय ते फुलत नाही. सासूबाईंनी जतच्या कुणाच्या मळ्यातले फोटो मागवून पाठवले — सिमेंटचे खांब, वर गोल कडी, फांद्या कारंज्यासारख्या. "माझ्या मुलाला सांगू नकोस, त्याला वाटतं आपल्याला सगळं कळतं," असंही. सासूबाई, तुमचे पाय कुठे आहेत!

कडी म्हणून ओजूच्या लहानपणच्या सायकलचं चाक. इशिझुका-सानचं ड्रिल. भोकं ओजूने पाडली, जीभ बाहेर काढून. 

८ एप्रिल

इशिझुका-सान विचारतात, बाइतो करशील का? अर्धवेळ काम, आठवड्यातून चार दिवस. त्यांची कंबर गेलीय आणि ओरडायला कोणीतरी हवं आहे.

पुण्यात मी बँकेत होते. इथे आल्यापासून 'जयेश-सानची मिसेस'. हो म्हटलं. व्हिसाचा प्रश्न नाही, कायमचा परवाना मिळालेला आहे. जयेशला विचारलं नाही. सांगितलं.

"बरं," म्हणाला. "झाड कसं आहे?"

हल्ली सकाळी अकराला, भर ऑफिसच्या वेळेत फोन करतो. त्याचे साहेब लोक झोपलेत की काय!

३ मे

सुट्ट्या. जयेश आला. बारीक झालाय. बॅग दारातच टाकून अंगणात, आणि मग जो आवाज आला!

"केतकी! हे काय केलंस तू?"
"वाचवलं."
"सहा फूट होतं माझं झाड! तुला एक झाड सांभाळता आलं नाही?"
"तुझ्या रविवारच्या पाण्याने सडलं ते. आणि सडलेलं दिसत असताना आणखी घाल म्हणालास!"
"मला सांगितलं का नाहीस मग?"
"तू विचारतोस ते मी सांगते. झाड कसं आहे. एवढंच विचारतोस. मी कशी आहे ते कधी विचारलंस?"

ओजू जिन्यात उभी होती. मला ते नंतर दिसलं.

जयेश कुंडीभोवती फिरला. मग चाकाला हात लावून, "हे कोणी बसवलं?"
"मी," ओजू म्हणाली.
त्याने ते हलवून पाहिलं. हललं नाही. "मस्त बसवलंयस," म्हणाला, आणि आत येऊन गुपचूप बॅग उचलली.

६ मे

काल जाताना स्टेशनवर. "पुढच्या एप्रिलपासून तुम्हीही कोबेला या ना. मला तिथे एकट्याला... नाही जमत गं."
हे वाक्य त्याने याआधी कधी उच्चारलेलं नाही. मी "बघू" म्हटलं. रात्रभर... नाही, खोटं कशाला. झोपले. पण सकाळी पहिला विचार तोच.

१४ जून

पहिली फांदी चाकावरून खाली वळली. इशिझुका-सानना फोटो पाठवला. उत्तर आलं — तीन फटाके आणि एक बेडूक. बेडूक का, माहीत नाही.

२८ जुलै

हरितगृहात भट्टी. मी गळ्यात ओला टॉवेल घालून फांद्या बांधते आणि इशिझुका-सानशी भांडते. त्या म्हणतात, "तू कोबेला गेलीस तर मी हे बंद करणार." मी म्हटलं, ब्लॅकमेल करू नका. "म्हातारीने दुसरं काय करायचं?" म्हणाल्या.

कोबे चांगलं आहे. समुद्र, ऊब, तिथल्या दुकानात कढीपत्तासुद्धा मिळतो. सगळं मान्य. पण मला इथे कोणीतरी 'केतकी-सान' म्हणून हाक मारतं.

१९ ऑगस्ट

कळी!!! यंदा विसरा म्हणणाऱ्या बाईंना फोन केला. "माझं गणित चुकलं," म्हणाल्या. खूश होत्या.

७ सप्टेंबर

उमललं. पहाटे पाचला ओजूने हलवून उठवलं, "आई, याबाई, याबाई!" थाळीएवढं पांढरं फूल. अंगणभर वास. एका रात्रीचाच कारभार असतो याचा, उन्हं आली की मिटतं. इथे याला लागणारे किडे-वटवाघळं कुठून येणार, म्हणून परागकण हातानेच लावायचे. ब्रश? माझा गालांना लावायचा. ओजूने इतक्या हळू फिरवला की मी श्वास धरून उभी.

जयेशला व्हिडिओ लावला. एका घंटीत उचलला, जागाच होता. फुलाकडे बघत राहिला. "तू केलंस?"
"आम्ही."
त्याने फोन जवळ धरला. मग डोळे पुसले. फुलासाठी एवढं? मला हसू आलं आणि मग आलं नाही.

१५ सप्टेंबर

फळ धरलंय. लिंबाएवढं. शेजारच्या बाई कुंपणावरून रोज बघून जातात.

२२ सप्टेंबर

जयेश आलाय सुट्टीला. उद्या सांगणार. नक्की. इशिझुका-सानसमोर तीनदा तालीम केली, त्यांनी जयेशची भूमिका केली आणि फारच वाईट केली.

२३ सप्टेंबर

सांगितलं. कोबेला येणार नाही. भांडायच्या तयारीनेच बसले होते.

"मीही जाणार नाही," तो म्हणाला.

एप्रिलपासून त्याला ऑफिसात कामच नाही. खिडकीजवळ एक टेबल दिलंय. रोज जायचं, बसायचं, यायचं. कोणी रागवत नाही, कोणी बोलतही नाही. आपणहून सोडावं म्हणून. सहा महिने तो हे गिळून बसला होता, मला तोंड कसं दाखवायचं म्हणून.

राजीनामा मी समोर बसून लिहून घेतला. जपानी ओजूने तपासलं, दोन चुका काढल्या. तो हसला, आणि हसता हसता असा रडला की आम्ही दोघी त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या बसून राहिलो.

उद्यापासून या घरात नोकरी एकाच माणसाला आहे. मला. तीही अर्धवेळ. भीती वाटतेय. सकाळी साडेसातला निघायचंय — झोपते.