मागणी कोणी घालायची?

सांगली, गुरुवार

तीर्थस्वरूप मानसिंगदादांस विजयमालाचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम आपण करीत नसणार, हे गृहीत धरूनच विचारते आहे. साताऱ्यात थंडी पडली असल्यास कानटोपी घालावी. ती मिशांना शोभत नाही ही सबब मला मान्य नाही. इकडे सर्व कुशल आहे, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिले.

मिरजेत आमचा शंभूराज ज्या रुग्णालयात डॉक्टर आहे, तिथल्याच लालरिनपुई या ऐझॉलच्या परिचारिकेशी त्याला लग्न करायचे आहे, हे आपण जाणताच. मी विरोध केला नाही. (मी इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका आहे, विरोध करण्यापूर्वी अभ्यास करते.) मुलगी गुणी, नीटनेटकी आणि वेळेची पक्की आहे, यातले शेवटचे आपल्या घराण्यात आजवर कोणालाही साधलेले नाही. तेव्हा मुलीकडच्यांनी रीतसर यावे, विषय काढावा आणि आपण थोडा विचार केल्यासारखे करून होकार द्यावा, एवढीच माझी अपेक्षा होती. ती अवाजवी होती काय?

गेल्या रविवारी तिचे काका-काकू (ते मिरजेतच राहतात) चर्चमधून परस्पर आमच्याकडे आले. काकूंनी हातमागावर विणलेले सुरेख पुआन कमरेला गुंडाळले होते. मी कांदेपोहे केले. त्यांनी कोरा गोड चहा मागून घेतला, हवेविषयी बोलले आणि थांबले. मीही थांबले. ‘हे’ दोनदा घसा खाकरून विषय काढू पाहत होते; मी डोळ्यांनीच गप्प बसवले. मुलाकडच्यांनी आधी तोंड उघडले की मुलात खोट आहे असा अर्थ होतो! अखेर ती शांतता असह्य होऊन मी पाहुण्यांना मिझोंचा इतिहास समजावून सांगितला: चिन टेकड्यांतून झालेले स्थलांतर, बांबू फुलल्यावर उंदीर माजून पडलेला दुष्काळ, बंड, शांतता करार. दोघांनी अत्यंत सभ्यपणे माना डोलावल्या. (काकूंच्या वडिलांनी तो दुष्काळ स्वतः भोगला होता, हे त्यांनी मला वेळीच सांगायला नको होते काय?) आणि आभार मानून ते निघून गेले!

काल शंभूराज कडाडला. त्यांच्यात म्हणे मागणी मुलाकडून जाते, आणि तीही आईवडिलांनी नव्हे, तर ‘पलाइ’ म्हणजे घरच्या विश्वासू मध्यस्थांनी मुलीच्या घरी जाऊन घालायची असते. काकूंनी ऐझॉलला कळवले, की माणसे चांगली आहेत, पोटभर खाऊ घातले, पण मुलीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना ती नको असावी. झाले! लालरिनपुई आता आयर्लंडची नोकरी स्वीकारते आहे, येत्या सोमवारी होकार कळवणार आहे. दादा, पलाइची रूढी मला कोणी शिकवावी? मिरजेतल्या मिझो मंडळींपुढे व्याख्यान देताना मीच ती सविस्तर विशद केली होती, आणि पहिल्या रांगेत लालरिनपुई बसली होती! पण रूढीवर व्याख्यान देणे निराळे आणि ती आपल्या दिवाणखान्यात येऊन बसणे निराळे.

मेढ्याहून आलेल्या मनुवन्सं (यांच्या थोरल्या भगिनी) धीर देण्याऐवजी म्हणाल्या, “आगं विजे, पावण्यास्नी त्यांचाच इतिहास ऐकिवलास, आन पोरीचं नाव न्हाई काढलंस व्हय? लय शिकलीस गं बाई!” शंभूराज हसला. या आठवड्यातले ते त्याचे पहिले हसणे, म्हणून मी अपमान गिळला.

दोन्ही घरांनी सभ्यता पाळली म्हणून लग्न मोडावे, हा कुठला न्याय? मी मात्र तत्त्वापासून तसूभरही ढळणार नाही. मुलाची आई मागणी घालायला जाणार नाही म्हणजे नाही.

आपली
विजयमाला

ता. क. मुलाची आई त्यांच्या रीतीतही जात नाहीच. मामाने जायला हरकत नाही. शनिवारी पहाटे पुण्याहून ऐझॉलला जाण्यासाठी विमान आहे. आपले आणि आपला चुलतभाऊ हरिबा याचे (एकटा पलाइ बरा दिसत नाही) तिकीट काढले आहे. पत्र घेऊन शंभूराजच येत आहे. तोच पुण्याला पोहोचवेल. त्याच्याकडे पाहून मग नकार देऊन दाखवा.

आणखी एक. वधूमूल्य मुलाकडून जाते. त्यावर आपण मिशा पिळू नयेत. ऐझॉलमध्ये गाड्यासुद्धा हॉर्न वाजवीत नाहीत, तेव्हा आपणही रस्त्यात हरिबाला हाका मारू नयेत. पहिल्या बैठकीत होकार मिळाला नाही तरी उठू नये. बसून राहावे.

शेवटचे. मुलाच्या आईचा स्वभाव कसा आहे, असे त्यांनी विचारल्यास सैन्यात शिकवलेली गोपनीयता कसोशीने पाळावी.