आतला कोपरा

बुधवार, १२ नोव्हेंबर २०१४, करंजाडे

पंपाच्या ओतीव बिडाच्या ब्रॅकेटला आज पुन्हा तडा गेला, आणि पुन्हा आतल्या कोपऱ्यातच. फौंड्रीत जाऊन मी ओरडलो. साचा करणारा नवा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, ड्रॉइंगप्रमाणेच केलंय."

खरंच होतं. ड्रॉइंगमध्ये मीच तो कोपरा सरळ काटकोनात काढलाय. जाड भाग आणि पातळ भाग वेगवेगळे निवतात, एकमेकांना ओढतात, म्हणून आतल्या कोपऱ्याला गोलाई हवी. कॉलेजात शिकलोय हे. मग अकरा वर्षं हेच ड्रॉइंग चाललं कसं?

संध्याकाळी कोन गावात पाटील मिस्त्रींकडे गेलो. नजर अधू झाली म्हणून उन्हाळ्यात घरी बसले, तोवर साचे तेच करायचे. विचारलं तर हसले.

"साहेब, तुमी गोलाई दावली नव्हती. मी आपलं साच्याच्या कोपऱ्यात मेण भरून तो गोल करायचो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी चिडला असता. आनि काम तर होत होतं ना."

मी खरंच चिडलो असतो.

माझी बायको वसुधा गेल्याला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हापासून दादाचा फोन नाही. शेजारचे जिन्यात नुसती मान हलवतात. मला वाटायचं, लोकच बदलले.

घरी येऊन ड्रॉइंगवर गोलाई दाखवली. मग वाटलं, आपणच दादाला फोन करावा. त्याचा नंबर माझ्याकडे नाहीच. नेहमी वसुधाच नंबर लावून फोन माझ्या हातात द्यायची.