अकरा नंबरची ताटली

३ तारीख, सोमवार

पोचलो बाई एकदाचे. सूनबाई शाळेत शिकवते, तिची बदली झाली ती या टोकाला. आधी रस्ता संपतो, मग पायवाट संपते, मग शाळा लागते. मला वाटलं होतं कुत्रंही विचारणार नाही, तर निम्मं गाव न्यायला आलेलं. एकीनं गादी डोक्यावर घेतली, एकानं कपाट पाठीवर. नातीला तर कुणी पाय खाली टेकू देईना. मी म्हटलं, अरे, तिला पाय आहेत, सहा वर्षांची घोडी आहे. ऐकतंय कोण.

शाळा म्हणजे एक लांब खोली, मागं आमची राहायची खोली, मध्ये स्वयंपाकाची पडवी. भिंती गावानं स्वतः बांधल्यात. हे चार जणांनी सांगितलं, आणि पाचव्यानं कुठली भिंत कुणाची तेही. पाणी भरायला घराघराची पाळी आहे. सगळा कारभार सुताराकडं. बाकं त्यानंच केलीत. आम्ही उतरायच्या आत त्यानं आमची फळीसुद्धा ठोकून ठेवली होती. बोलतो कमी, तोंडात खिळे धरल्यासारखा.

एवढ्या लाडाचं कारणही त्यानंच सांगितलं. पटावर वीस पोरं नसली की वरचं ऑफिस शाळा बंद करतं, आणि पुढची शाळा दोन तासांच्या चालीवर. गेल्या महिन्यात एक घर शहराकडं गेलं, एकोणीस उरली. आमच्या चिमणीनं वीस भरले. म्हणजे मान सुनेचा नाही, नातीचा. सुनेला तसं सांगितलं तर हसली. मोठ्या मनाची आहे. माझ्याकडून शिकली नसणार.

ही वही तिनंच दिली. मला दुसरीतून घरी बसवलं होतं, धाकटी भावंडं सांभाळायला. तेव्हाची अक्षरं अजून आहेत, पण म्हाताऱ्याच्या दातांसारखी, एक इकडं एक तिकडं. रोज चार ओळी लिहा, म्हणाली. बघू, नव्याचे नऊ दिवस.

४ तारीख, मंगळवार

पोरांचं दुपारचं जेवण रांधायचं काम मला मिळालं. आधीच्या बाईचे गुडघे गेले. वीस पोरांचा भात म्हणजे मला काय, मी सासरी याच्या दुप्पट उपसलाय आणि वर बोलणी खाल्लीत.

ताटल्या पत्र्याच्या. सुतारानं प्रत्येकीवर खिळ्यानं नंबर कोरलाय. पोरं आपापली ताटली घेतात, धुतात, चळत लावून ठेवतात. शहाणी आहेत. चार इयत्ता एका खोलीत, सून एकीकडं फळ्याशी, तर मोठी पोरं लहानांचे पाढे घेतात. माझ्या वेळी अशी शाळा असती तर मीही चार बुकं शिकले असते आणि चौघांना जास्त बोलले असते.

हजेरीही नंबरानंच. पडवीत ऐकू येते. दहाला एक आवाज, बाराला एक आवाज, पण अकरा म्हटलं की सगळा वर्ग मिळून हजर म्हणतो. असेल कुणी मुकं, किंवा अती लाडाचं.

चिमणी वीस नंबर. खिडकीजवळच्या बाकावर जागा मिळाली. बाक दोघांचं आहे.

६ तारीख, गुरुवार

आज वाढताना डोकी मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली. वाढायला मी आहे, डोळे अजून गेले नाहीत. एकोणीसच.

ताटल्या मात्र वीस जातात आणि वीस परत येतात, चाटूनपुसून. अकरा नंबरची ताटली एक पोरगी खिडकीजवळच्या बाकावर नेऊन ठेवते, आमच्या चिमणीशेजारी. मग सगळी खाली मान घालून जेवतात. मी चिमणीला विचारलं, गं भवाने, दोन ताटं हाणतेस काय. नाही म्हणाली. ती खाते, म्हणाली. कोण ती, तर खिडकीकडची. डावरी आहे, तिचं कोपर लागतं.

माझ्या हातातला डाव खाली पडला. वयानं पडतो कधी कधी.

७ तारीख, शुक्रवार

सुताराला गाठलं. रंधा मारत होता. शाळेच्या खिडकीतून त्याचं घर समोर दिसतं, अंगणात लाकडाचा भुसा. मी आडपडदा ठेवत नाही, सरळ विचारलं. त्यानंही सरळ सांगितलं.

अकरा नंबर म्हणजे त्याची लेक. आठ वर्षांपूर्वी तापानं गेली. त्या साली पट बरोबर वीस होता. नाव कापलं असतं तर शाळा गेली असती. गाव इथंच अंगणात बसलं आणि ठरलं, नाव ठेवायचं. तिचा नंबर आला की सगळ्या पोरांनी मिळून हजर म्हणायचं. मिळून का, विचारलं. म्हणाला, कुणा एकट्याच्या जिभेवर भार नको, आजी.

आणि ताटली. त्यावर तो रंधा मारत राहिला. मग म्हणाला, रोज हाक मारल्यावर कुणीही येईल.

घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं. मीच म्हटलं, मेलेल्या पोरीला शाळेत कसलं बसवताय. खोटं ते खोटं. मार रेघ. तिलाही ते टोचतच होतं. शाळेसाठी मी ऑफिसात भांडेन, म्हणाली, आणि लाल शाईनं रेघ मारली.

मीच म्हटलं. हे इथं लिहून ठेवते.

१० तारीख, सोमवार

हजेरीला मी दारात उभी होते. सून दहा म्हणाली, मग बारा. पोरांनी सवयीनं तोंडं उघडली आणि मिटली. त्या मधल्या फटीत एकच आवाज आला, हजर.

चिमणीचा.

मग वीस म्हटलं तर ती गप्प. सुनेनं तीनदा म्हटलं. चिमणी खिडकीबाहेर बघत होती, जशी काही ही हाक दुसऱ्या कुणाला.

दुपारी वीस नंबरची ताटली भरलेली परत आली. अकरा नंबरची पुसलेली.

मी तिला मांडीवर घेऊन विचारलं. तू का बोललीस गं. म्हणाली, तिला कुणी हाकच मारेना. रडत होती. मला म्हणाली, माझ्यासाठी तू म्हण. मग मी म्हटलं, आजी. मग तिला बसायला जागा झाली.

अंग कोमट आहे. तापाचं नाही, असं सून म्हणते.

११ तारीख, मंगळवार

सुनेनं रेघ खोडली. अकरा नंबर पुन्हा लिहिला. सकाळी सगळ्या पोरांनी मिळून हजर म्हटलं, आरडून म्हटलं बिचाऱ्यांनी. पण चिमणीचा आवाज सगळ्यांच्या आधी.

पेन्सिल डाव्या हातात धरते. काल उजव्यात होती.

मधल्या सुट्टीत दिसेना. सुताराच्या अंगणात सापडली, भुशात बसलेली. त्याला बाबा म्हणत होती. त्यानं तिला हाताला धरून आणून सोडलं, मान खाली. पण हात सोडायला वेळ लावला त्यानं. मी बघितलं.

मला ओळखलं नाही. भातवाली म्हणाली.

१२ तारीख, बुधवार

आज जे झालं ते लिहिते. अक्षर वाकडं येईल.

वीस. सून म्हणाली, वीस. चिमणी गप्प. अंग तव्यासारखं. सून पुन्हा म्हणाली आणि रडायलाच लागली. पोरांना बाईची दया आली. पोरं गुणी आहेत, बाईंना रडताना बघवलं नाही त्यांना. आणि त्यांना जे येतं ते त्यांनी केलं.

सगळ्यांनी मिळून वीसला हजर म्हटलं.

मी पडवीतून धावले. गप्प बसा म्हणून ओरडले. तोपर्यंत—

सुतार दारात होता. तोंड पांढरं. म्हणाला, आजी, असं फक्त गेलेल्यांसाठी म्हणतात.

दुपारी

गाव जमलं. कुणी डॉक्टरला आणायला गेलं, दोन तास जायला, दोन यायला. बायका कपाळावर पट्ट्या ठेवतात. गाव चांगलं आहे. चांगलंच आहे, तेच तर— त्यांना कुणालाच सोडता येत नाही.

वीस नंबरची ताटली आज कुणी नेली नाही. तरी बाकावर होती. मधोमध बोट फिरल्याची रेघ. एकच घास गेलाय.

चिमणी दोन जागी थोडी थोडी आहे. आणि ती दुसरी जागा—

१३ तारीख, गुरुवार, सकाळ

डॉक्टर येऊन गेला. ताप आहे म्हणाला. दिसतोय की, शहाण्या.

मी ठरवलंय. सुनेला सांगितलेलं नाही, रडून घोळ घालेल. जो अकराला एकटा हजर म्हणतो, त्याच्यात ती सुताराची पोर बसते. चिमणीनंच सांगितलं ना. मग माझ्यात बस म्हणावं. मीही दुसरीतून उठलेली. माझीही अर्धी शाळा राहिलीय.

सुताराला सांगितलं. पोरांना गप्प ठेव, अकरालाही आणि वीसलाही. तो म्हणाला, आजी, विचार करा. मी म्हटलं, केला, आयुष्यभर तेच केलं, आता लाकूड तास. पाया पडला माझ्या. कधी नव्हे ते.

चिमणीला उचलून आणलं. बाकावर आम्ही दोघी. ती भिंतीला टेकून, मी खिडकीकडं. मध्ये जागा नाही, तरी कोपर लागतंय. गार.

ही वही पुढ्यात ठेवलीय. लिहीत राहिले की मन ठिकाणावर राहतं.

सून उभी राहिली. माझ्याकडं बघते. म्हण, बाई.

एक. दोन. पोरं हळू बोलतात आज.

सहा. सात. चिमणीचे ओठ हलायला लागले. तिच्या तोंडावर हात ठेवते. गरम. चावली मला. चाव.

नऊ—

दहा—

अकरा. हजर. मी म्हटलं. मी एकटीनं. मोठ्यानं—

थंडी वाजली. विहिरीत उतरल्यासारखी.

बारा, तेरा. पोरं चाललीत पुढं. चिमणीनं डोळे उघडले. आजी म्हणाली. मला म्हणाली. पाणी मागते. उजवा हात पुढं केला तिनं.

अठरा

एकोणीस

वीस. सगळी गप्प. सुतारानं दोन पोरांच्या तोंडावर हात ठेवलाय. म्हण गं माझे बाई, म्हण—

हजर.

एकटीचा आवाज. तिचाच. सून फळ्याशीच खाली बसली. झालं. झालं बाई.

मी पेन्सिल डाव्या हातात कधी घेतली

अक्षर छान येतंय

भूक लागलीय. ही बाई भात कधी वाढणार. माझी ताटली कुठंय, तिच्यावर बाबांनी नंबर कोरलाय. खिडकीतून आमचं घर दिसतं. बाबा दारात उभे आहेत, इकडंच बघतायत, रडतायत का ते, मी आले ना, आता सुट्टी झाली की मी