उपाशीपोटीच्या नळ्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, निवृत्त वैद्यकीय संशोधक, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. अक्षर थरथरतंय ते वयामुळे नाही, धास्तीमुळे. वकीलबाई हे वाक्य काढा म्हणाल्या. काढणार नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एका मुलीस. स्वयंपाकघरातला गळका नळही तिलाच.

२. माझी सर्व पुस्तके प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञबाईंस. तीस वर्षं त्यांनी माझी बोलणी खाल्ली. चुकलं माझं, बाई.

३. भिंतीवरचे मानपत्र कोणासही देऊ नये. उतरवून ठेवावे. कारण सांगते.

बारा वर्षं आम्ही दोनशे बारा माणसांचं उपाशीपोटी रक्त घेतलं. मधुमेह व्हायच्या कितीतरी आधी रक्तातली चरबी चढते, हे त्यातून मी दाखवलं आणि एक रेषा आखली: चरबी तिच्या खाली असेल तर खुशाल घरी जा. दवाखान्यांत आजही ती रेषा वापरतात. मानपत्र तिच्याचसाठी मिळालं.

रक्त घ्यायच्या दिवशी यजमान हौसेने रांग सांभाळायला यायचे. ते वारल्यावर भेटायला आलेला शिंपी, रांगेतलाच एक, डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, साहेब देवमाणूस हो. ताटकळून चक्कर यायला लागली की थर्मासातला चहा द्यायचे, वर दोन बिस्किटं. म्हणायचे, आमच्या हिला सांगू नका हं, जीव घेईल माझा."

उपाशीपोटीच्या रक्तात दूध, साखर, लोणी! म्हणजे चरबी होती त्याहून जास्त दिसली आणि माझी रेषा वर सरकलेली असणार. ज्यांना सावध करायचं, त्यांनाच आपण "काही नाही" सांगून घरी पाठवतोय. हे कळून तीन वर्षं झाली, आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. यजमानांचं नाव खराब होईल, अशी स्वतःची समजूत घातली. भीती माझ्या नावाची होती.

४. थर्मास मुलीस. फेकू नकोस गं. मी तुझ्या बाबांवर अजून चिडलेली आहे, पण भुकेलं माणूस त्यांना बघवायचं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

५. संस्थेच्या तळघरातील फ्रीजरमध्ये प्रत्येकाच्या रक्ताची दुसरी नळी गोठवून ठेवली आहे. माझ्या मृत्यूनंतर त्याची किल्ली खडूस यांस द्यावी. खडूस म्हणजे माझे जुने सहकारी. भर सभेत त्यांनी विचारलं होतं, "बाई, ही माणसं नक्की उपाशी होती का?" सगळ्यांदेखत मी त्यांना फाडून खाल्लं. अठरा वर्षं आमचा अबोला आहे. गोड पोटात गेलं की रक्तातलं इन्सुलिन लगेच चढतं; नळ्यांतलं ते मोजलं की चहा कोणी घेतला होता ते कळेल. खुसपटं काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, म्हणून किल्ली त्यांनाच.

इथवर लिहिलं आणि मुलीचा फोन आला. "आई, तपासणी केली! चरबी तुझ्या रेषेच्या जराशीच खाली आलीय. सुटले बाई एकदाची!"

मी नुसतं "हो, हो" म्हणाले. फोन ठेवला. मी मरेपर्यंत पोरीने असंच निर्धास्त राहायचं?

खडूसांना फोन केला. तासाभरात आले. साक्षीसाठी बोलावलेला शिंपीही तोवर आला होता. खडूसांनी वरचं सगळं दोनदा वाचलं.

"मेल्यावर कशाला? किल्ली आत्ता आणा."

"आधी म्हणा ना, मी सांगितलं होतं म्हणून!"

"म्हणणार तर आहेच. आधी नळ्या बघू द्या."

कलम पाच रद्द. किल्ली दिली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष करू नये, असं वकीलबाई सांगतात. खडूसांना आता काहीच मिळत नाही, तेव्हा त्यांची सही चालेल.

सही: (थरथरली तरी माझीच)

साक्षीदार १: शिंपी, रांगेतला क्रमांक अठ्ठ्याऐंशी
साक्षीदार २: खडूस (हा शब्द त्यांनी वाचून तसाच ठेवला)

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल
दिनांक: यजमानांना जाऊन तीन वर्षे अकरा दिवस झाले, तो दिवस

ता. क. हे मुलीला मी आज संध्याकाळीच वाचून दाखवणार आहे. बाळा, माझी रेषा विसर. उद्या सकाळी साखरेची पूर्ण तपासणी करून घ्यायची. उपाशीपोटी ये. रांग सांभाळायला या वेळी मी बसणार आहे.