पाहणीवाल्याला दिलेली उत्तरं

ता. ३ मार्च

चि. ठमीस आजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. मी ठणठणीत आहे. आजोबांच्या टाचेला साखरेपायी जखम झालीय. नर्सबाई एक दिवसाआड धुऊन पट्टी बांधते. तिच्यासमोर हे लहान पोरासारखे ओरडतात आणि मी दिसले की मिशीला पीळ!

गेल्या आठवड्यात तुझ्या खात्याचा पाहणीवाला आला होता. दवाखाना कसा आहे, औषधं मिळतात का, काही तक्रार? छत गळतं, डॉक्टर महिन्यातून एकदा तोंड दाखवतो, औषधांचं कपाट निम्मं रिकामं, सगळं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. नातीच्याच कामाला नावं कशी ठेवू? सगळं झकास आहे म्हणाले. आळीतल्या बायकांनाही आधीच दटावलं होतं, आमच्या पोरीची अब्रू आहे म्हणून. एकीनेही तोंड उघडलं नाही.

साहेबाने पाठ थोपटली तर कळव. वेळेवर जेव. लोभ असू दे, आणि तो चार ओळींत दिसू दे.

तुझी आजी

ता. १२ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे तू काय केलंस गं? तुमचं गाव आमच्या यादीत ‘गरज पूर्ण’ या रकान्यात गेलं. अशा ठिकाणची नर्स जिथे कोणीच नाही तिथे पाठवायची, असा नियम आहे, म्हणून तुमची नर्सबाई गेल्या महिन्यातच हलवली. सगळ्यांना दवाखाना मिळायचा तर आहेत तेवढीच माणसं वाटून द्यावी लागतात. तो नियम लिहिणाऱ्यांत मीही होते.

आजीने खोटं सांगितलं, असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, घरच्यांच्या शब्दावर यादी बदलली तर उद्या जो तो बदलून मागेल. पुढची पाहणी दोन वर्षांनी.

आजोबांना लगेच मोठ्या रुग्णालयात ने. मी निघतेच आहे. राग धरू नकोस, माया ठेव.

तुझी ठमी

ता. २० मे

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू परत गेलीस. तुझ्यासमोर बोलले नाही, ते लिहिते. नर्सबाई जाताना मला पट्टी बांधायला शिकवून गेली होती. मी नेमाने बांधली. ह्यांचं ओरडणं थांबलं, तेव्हा मला वाटलं माझ्या हाताला गुण आला. टाच काळी पडलेली ह्या डोळ्यांना दिसली नाही. वास आला तेव्हा कळलं. पंधरा दिवस आधी आणलं असतं तर पाय वाचला असता, हे डॉक्टर तुझ्यादेखत म्हणालाच.

नर्सबाईचा निरोप आला. तिकडे पहिल्याच आठवड्यात तिने दोन अडलेल्या बायका सोडवल्या. आता तिला परत धाडा असं कुठल्या तोंडाने म्हणू? तुला शिव्या द्याव्यात तर तुझंही चुकलेलं नाही. माझ्यापाशी शिव्या पुष्कळ आहेत, घ्यायला माणूस नाही.

हे खाटेवरून अजून उजवी चप्पल मागतात. मी देते.

दुपारी दारात बसून उत्तरं घोकते. छत गळतं. डॉक्टर येत नाही. कपाट रिकामं. नर्स नाही. आळीतल्या बायकांकडूनही पाठ करून घेतलीत. विचारायला मात्र कोणी येत नाही.

जेवत जा. माया आहे तिथेच आहे.

तुझी आजी