तीन मात्रांचा जर्मन

टीचर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी तुमची आठवण आली की मी अजून पाठ ताठ करून बसते. फणसवाडीतून खोताच्या वाडीत यायला पाच मिनिटं लागत. मी दहा लावायची, कारण तुमचा लाकडी जिना चढण्याआधी मला कालचा धडा आठवायचा असे. तुमच्या घरात पियानो एक आणि जर्मन गाणीवाला एक, तोही पुस्तकातला. तुमच्या भावाने, बोटीवरच्या बँडवाल्याने, जर्मनीतल्या कुठल्याशा रद्दीवाल्याकडून त्याच्या गाण्यांचं पुस्तक आणलेलं. प्रस्तावना तुम्ही जर्मन येणाऱ्या पाद्रींकडून वाचून घेतलीत आणि मग तो माणूस वाडीतलाच होऊन गेला. खेड्यातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. पाववाल्यावर गाणं, चांभारावर गाणं, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरसुद्धा गाणं! छापलं गेलं ते एवढंच पुस्तक. बाकीच्या वह्या तो मेल्यावर सासुरवाडीने चुलीत घातल्या. तुम्ही चष्मा पुसायचात आणि म्हणायचात, "ह्याला कोण ओळखतंय गो? मी नि तू, झालं."

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. आमच्या चाळीतल्या मास्तरांनी प्रभातफेरीसाठी गाणं लिहिलं, आणि चाल कोण लावणार म्हटल्यावर मी हात वर केला. लावली कसली, पाववाल्याची उचलली! "अगं, काय झकास चाल! तुझी?" मास्तरांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून "हो" निघूनच गेलं. पण गाणं तीन मात्रांचं. पहिल्याच कोपऱ्यावर सगळ्यांचे पाय एकमेकांत. लालबागहून आलेला ढोलकीवाला वैतागला, "बाय, ह्याच्यावर नाचता येल, चालता नाय येणार!" त्यानेच ते ठोकून ठोकून चार मात्रांत बसवलं. फेरी तुमच्या वाडीतून गेली तेव्हा तुम्ही गॅलरीत होतात. मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून आले. तुम्ही पियानोचं झाकण धाडकन लावलंत. "तीनाचं गाणं चारात कोंबलंस? लाज नाय वाटली?" मी रडायच्या बेतात, आणि तुम्ही एकदम हसायला लागलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगो, बिचाऱ्याला जन्मात चाळीस माणसांनी ऐकलं नसेल. काल अख्खं गिरगाव गात होतं!" मग माझा हात धरून म्हणालात, "आता त्यांना सांग कोणाचं ते. एवढं एकच काम कर माझं."

मी मान डोलावली आणि सांगितलं नाही. कौतुक गोड लागत होतं, दुसरं काय! पुढे तुम्ही गेलात, पुस्तक भाचीबरोबर परदेशी गेलं, आणि मी खुशाल चालवाली बाई म्हणून मिरवत राहिले.

गेल्या महिन्यात दादरला त्या वेळच्या गाणाऱ्यांचा सत्कार झाला. सगळ्यांनी तेच गाणं म्हटलं, चार मात्रांतच, कवळ्या सांभाळत. मला फार आनंद झाला आणि फार लाजही वाटली. मी माइक हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, "ही चाल माझी नाही. एका जर्मन माणसाची आहे." पुढच्या रांगेतली एक मुलगी वही उघडून म्हणाली, "आजी, नाव काय त्यांचं?"

टीचर, मला त्याचं नाव आठवेना. पाववाला आठवला, चांभार आठवला, नाव काही केल्या येईना. ती पेन धरून थांबलेली. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही म्हणून लिहिते, नाहीतर तुम्ही परत झाकण आपटलं असतंत: मी तिला तुमचं नाव सांगितलं.