नाडीचे सोंग

दि. ९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. येथील सर्व ठीक आहे; निदान यंत्राचे तसे म्हणणे आहे. तुझे पुस्तकबांधणीचे दुकान बरे चालले असावे. अकरा वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी गेलेले नाही.

गेल्या महिन्यात रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या दरम्यान, माझ्या छातीवर कोणीतरी येऊन बसले. श्वास अर्ध्यावर अडे, बोटे बधिर, आणि आता मी मरणार ही खात्री. हृदयविकाराची तज्ज्ञ मी. निदान तत्काळ केले. खोलीत जाऊन स्वतःच स्वतःचा ईसीजी काढला. तो निर्दोष आला. याचा अर्थ एकच: यंत्र बिघडले. ते दुरुस्तीला पाठवले. आठवड्याने व्याख्यान देताना पुन्हा तेच; आलेख पुन्हा स्वच्छ, यंत्र पुन्हा दुरुस्तीला. तिसऱ्या खेपेस तंत्रज्ञाने ते माझ्या टेबलावर ठेवले नि म्हणाला, "बाई, यंत्र ठणठणीत आहे. आता तुम्हीच कुणाला तरी दाखवून घ्या."

उद्धट माणूस. पण दाखवले. डॉक्टर नेमकी माझीच विद्यार्थिनी निघाली.

"मॅडम, पॅनिक अटॅक आहे. दहाएक मिनिटांत कळस गाठतो, मग ओसरतो. जीव घेत नाही. पण पुढच्याच्या धास्तीनं एकेक जागा टाळत गेलात, की त्याचाच आजार होऊन बसतो. तुम्हीच शिकवलंयत आम्हाला."

शिकवले आहे. शेकडो रुग्णांना सांगितले आहे. मग मला ते का कळत नाही? हल्ली सहा मजले जिन्याने चढते. सहकारी म्हणतात, "काय ही शिस्त!" मी मान डोलावते. लिफ्टची घंटा नुसती वाजली तरी तळहात ओले होतात, आणि भीती नेमकी कशाची, ते सांगता येत नाही.

हे तुलाच का लिहिते आहे, तेही मला कळत नाही. नाही, हे मात्र कळते.

वैद्यकीच्या अंतिम परीक्षेतून तू उठून बाहेर आलीस. "ताई, मी मरतेय गं," म्हणत हात पुढे केलास. मी तो धरून नाडी मोजली आणि बाबांना म्हणाले, "काही झालेलं नाही हिला. अभ्यास झाला नाही, म्हणून सोंग." तू परीक्षा सोडलीस, पुढे घरही.

नाडीचा आकडा मी कोणालाच सांगितला नाही. एकशे बेचाळीस. सगळी सोंगे आणता येतात, नाडीचे येत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण माझी बहीण भर परीक्षेत घाबरते, याची मला लाज वाटली. यंत्र खरे बोलले तर यंत्र खोटे, बहीण खरे बोलली तर बहीण खोटी. असा माझा न्याय.

रविवारी तुझ्या दुकानी यावे म्हणते. नको म्हणालीस तर येणार नाही. ते छातीवर येऊन बसते तेव्हा तू काय करतेस, एवढे मला सांग. आणि हात पुढे केलास, तर या वेळी मी मोजणार नाही.

अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई